मागील इतिवृत्त वाचून कायम

शरणपूर रोडच्या आमच्या बँकेत
सभा भरायची तिसऱ्या मजल्यावर,
आणि लघुलेखनाची वही घेऊन मी
कोपऱ्यात, पाण्याच्या जगाशेजारी.
चोवीस वर्षं.
गरजून बोललेलं आणि पुटपुटलेलं
वहीत एकाच मापाचं उतरतं.

बँक बुडाली त्या साली
सरकारने दिले एकशे चाळीस कोटी,
आणि दिवाळीच्या आत पटणीसाहेबांना बावन्न लाख,
कामगिरीबद्दल.
कोणत्या, ते कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.
तेव्हाच्या संचालकांनी माना डोलावल्या.
आम्हाला सोनपापडीचा एकेक पुडा.

दुसऱ्या दिवशी जगन्नाथ खरोटे आले,
तेव्हा विरोधात, घसा बसलेला,
मागे पाचेकशे ठेवीदार,
पुढे पटणींचा पुतळा:
पोट गोणपाटाचं, टाय मात्र खरा.
साहेब म्हणाले, खाली जा, शब्द न् शब्द टिपा, कोर्टात लागेल.
मी टिपलं:
हा पैसा पटणीच्या बापाचा नाही.
बुडवणाऱ्याला बक्षीस, तर गाळात रुतलेल्याला काय?
पुन्हा एक रुपया गेला
तर मी ह्याच पायरीवर अंथरूण टाकीन.
टाळ्या. टाळ्यांची खूण मी स्वतःच ठरवलेली,
दोन तिरप्या रेघा.
लवाटेबाईही वाजवत होत्या.
त्यांच्या नवऱ्याने नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
जन्मभर नोटा छापल्या,
कोऱ्या, करकरीत, दिवसाला लाखोंनी,
आणि घरी आणला फक्त पगार.
तो आमच्याकडे अडकलेला.

मग निवडणूक झाली.
खरोटे पायरीवरून वर आले, थेट तिसऱ्या मजल्यावर,
शासननियुक्त संचालक.
सरकारचे आणखी पन्नास कोटी आले
आणि पाठोपाठ विषय क्रमांक सात:
पटणी, एकसष्ट लाख.
खरोटे म्हणाले, करार तो करार.
हुशार माणूस टिकवायचा तर भाव द्यावा लागतो.
आवाज आता छान सुटला होता.

खाली गलका. कालचे सत्तेवाले आज पायरीवर,
तोंडी तेच बाप, तेच बक्षीस.
पुतळाही तोच, भद्रकालीतल्या त्याच गोधडीवाल्याचा,
टाय तेवढा कुणीतरी ढापलेला.
पेखळे शिपाई वर चहा देऊन आला, खाली देऊन आला,
मला म्हणाला, बाई, साखर मी दोन्हीकडे सारखीच घालतो.

पण सातच्या आधी एक असतो.
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी उठले.
चुकून, असं पुढे चौकशीत सांगितलं,
जुनी वही उघडली गेली.
वाचलं, हा पैसा पटणीच्या बापाचा नाही.
पटणींनी पेनाला टोपण लावलं.
वाचलं, बुडवणाऱ्याला बक्षीस.
वाचलं, अंथरूण.
दोन तिरप्या रेघांपाशी जरा थांबले.
खरोटे फोनमध्ये होते.
मान वर न करता म्हणाले,
ठीक. कायम.
सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. सर्वानुमते.
मग विषय सात.
तोही सर्वानुमते.
एकाच पानावर आहेत दोन्ही, खाली त्यांची सही,
लफ्फेदार.

संध्याकाळी रामकुंडाकडे गेले. गंगा चढलेली,
आणि पोरं ओरडत होती, मारुतीच्या कमरेला लागलं, कमरेला!
आपण उगाच त्याचं नाव
असल्या माणसांना देतो.
दुतोंड्याला तोंडं दोन, एक इकडे, एक तिकडे,
पण पाणी कमरेला असेल तर
दोन्हीकडच्या लोकांना तो कमरच दाखवतो.

काल लवाटेबाई आल्या होत्या.
त्या पानाची नक्कल हवी म्हणाल्या, सहीशिक्क्यासह.
फी वीस रुपये, मी सांगितलं.
त्यांनी पिशवीतून नोट काढली,
खिडकीच्या उजेडात धरून पाहिली, सवयीने,
आणि मग दिली.