कर्ता

भरती-ओहोटीच्या तक्त्यांची छोटी वही.
डाव्या पानावर छापलेलं, हलच्या बंदरात पाणी कधी चढेल;
उजवं पान कोरं, तिथे हेस्टर ऑल्डरसनचं
पेन्सिलीतलं मुंगीएवढं अक्षर.

नवरा, एनॉक, जन्मांध. तंबोरा लावतात तसा
लोकांचे पियानो लावायचा.
ती त्याला घरोघर न्यायची, पायऱ्या मोजून सांगायची,
मग परक्या स्वयंपाकघरात बसून हिशोब लिहायची:
"प्रॉक्टरबाई. साडेसात शिलिंग. नमद्याला कसर लागलीय."
"पाद्रीबुवा. उधार. पुन्हा उधार."

चाळीसच्या हिवाळ्यात एनॉकला कारखान्याचं बोलावणं.
ओतीव लोखंडावर हातोडीची टिचकी मारायची,
नाद बसका आला तर आत चीर.
पहिल्याच दिवशी त्याने एकोणीस नग बाद केले.
मुकादम भडकला, एक फोडून पाहिला,
दुपारी स्वतः चहा घेऊन आला.
"तो म्हणतो, सगळे एकाच सुरात. कंटाळा."

आणि लगेच खालच्या ओळीत:
"चॅपल. पियानो लावला. चार शिलिंग."

कुणी?

इंग्रजीत कर्ता गाळला की क्रियापद तोंड उघडत नाही.
मराठीत आणायला गेले तर इथेही तीच गत:
लावला, तो पियानोच्या लिंगाने.
लावणारा की लावणारी,
शाळेतला कर्मणी प्रयोग दोघांना पदराआड घेतो.
मी समासात प्रश्नचिन्ह काढलं, पान उलटलं.

एक्केचाळीसचा मे. दोन दिवस काही नाही,
नुसती छापलेली भरती.
मग: "प्रॉक्टरबाईंचा जिना उभा आहे. वर घर नाही.
पियानो रस्त्यात उताणा. मधली एक पट्टी अजून सुरात.
वाजवून पाहिली. लाज वाटली."

सप्टेंबर:
"किल्ली माझ्या हाताला मोठी. रुमाल गुंडाळते."

माझ्या हाताला.
मी मागे जाऊन प्रश्नचिन्ह खोडलं.

"रात्री तो विचारतो, पंचमात लहरी किती मोजल्यास?
मी सांगते. तो गप्प.
मग म्हणतो, अर्धी जास्त."

"नवीन घर. बाईंनी विचारलं, पियानोवाला कधी येणार?
म्हटलं, पायपुसण्यावर बूट पुसतोय."

लढाई संपली त्या दिवशी फक्त: "फार आवाज."
एनॉक कारखान्यातच राहिला.
आठवड्याचा पगार, आणि कुणाचं कुत्रं अंगावर येत नाही.

सेहेचाळीस. "कचेरीतल्या पोराने व्यवसाय विचारला.
मी सांगायच्या आत त्याने 'गृहिणी' लिहिलं.
मांडीवरच्या पिशवीत किल्ली होती. जड.
मी सही केली."

खाली, त्याच तारखेला:
"चॅपल. लावला. पाच शिलिंग, रोख."

कर्ता पुरुष म्हणतो आपण घर चालवणाऱ्याला.
मी फार काही केलं नाही,
त्या ओळीत वहीत नसलेला एक शब्द घातला: मीच.
संपादक विचारतील, मुळात आहे का हा?
नाही.
समोरच्या पानावर, पाच वाजून बारा मिनिटांनी,
पाणी चढतंय.