तीन पत्रं, दांडिया बाजारहून

चि. ऊर्मी,
पाकीट मिळालं. पैसे पाठवू नकोस म्हटलं होतं,
आता त्यातून बारा नंबरचा सेबल घेऊन बसलोय.
आईचा ओरडा दोघं मिळून खाऊ.
नोकरीचं लिहिलंस. पडद्यावर काढता,
चुकलं तर एक बोट दाबलं की मागचं परत येतं म्हणे.
चांगलंच आहे. पण दिवसातून एक रेघ
अशी काढ, जी मागे घेता येणार नाही.
कोळशाने, वाण्याच्या पुडीवर, कशावरही.
हात भितो का बघ. भ्यायला हवा.

*

हैदराबादेत कुणी विचारलं, तू नक्की कुठली,
आणि तुला सांगता आलं नाही, असं आई म्हणाली.
ऐक. चाळीस वर्षं मी इथं पाट्या रंगवल्या,
मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत.
पहिल्याच महिन्यात कांतिलाल शेठ
शिडीखाली उभे राहून हसले,
"मास्तर, आ माथे लीटी शेनी?"
सवयीने मी गुजराती अक्षरांवर
शिरोरेघ ओढली होती.
आपली अक्षरं दोरीवरच्या धुण्यासारखी, वरून धरलेली.
त्यांची सुटी उभी, आपापल्या पायावर.
रेघ पुसली. रात्री घरी येऊन
तुझं नाव दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहिलं,
तू पाळण्यात होतीस,
दोन्हीकडे तूच होतीस.
विचारणाऱ्याला वेळ असेल तर हे सांग.
नसेल तर बडोदा म्हण आणि चहा पी.

*

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
आठ दिवस हिरवी पट्टी. मग सुरसागरच्या कठड्यावर जाऊन बसलो.
पाणी एवढं निळं?
उजवा झाकला, उघडला, पुन्हा झाकला,
शेंगदाणेवाला माझ्याकडे बघत राहिला.

घरी येऊन स्टुलावर चढलो, आईला सांगू नकोस,
आणि तुझं ते चित्र उतरवलं, विश्वामित्रीचा पूल,
तू जाण्याआधी केलेलं,
ज्याच्या निळ्याला मी मळकट म्हटलं होतं
आणि तू जेवायला आली नव्हतीस.

मळकट नाही ते.

बाकी उपदेश काय करणार.
टर्पेंटाइनचं झाकण लावत जा, खिडकी उघडी ठेव.
कुणी म्हातारा रंगाबद्दल फार ठाम बोलला
तर आधी त्याचे डोळे तपासून घे.
माझा डावा अजून बाकी आहे,
तारीख पंधरवड्यानंतरची.
तोवर नव्या कामाचे फोटो पाठव,
उजव्याने बघेन.
                        बाबा