तिवराच्या पानांची मोजदाद

आचऱ्याच्या खाडीत माझ्या वाट्याला सतरा झाडं आली.
तिवराची. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला,
माझ्याकडे मऊ कुंचला, बाटल्या, आखलेली वही.
पानावर रात्रीतून साचलेलं मीठ झाडून घ्यायचं,
तोलायचं, लिहायचं.

होडी द्वारकीची. ती कालवं काढायची, मी पानं.
दोघी एकाच चिखलात गुडघाभर,
भोवती जमिनीतून वर आलेली मुळं,
टोक केलेल्या पेन्सिलींसारखी, हजारो.
'पाय बघून घाल गो,' ती ओरडायची,
'तेंका पण श्वास घेवचो आसता.'

हेच मला कॉलेजात दोन तास लावून शिकवलं होतं:
भरती चढली की मूळ तोंड मिटतं,
आतली हवा पुरवून पुरवून वापरतं,
ती सरते, आत ओढ उरते,
आणि पाणी उतरलं की त्याच ओढीनं
नवी हवा आत येते.
द्वारकीला 'ओढ' समजावून सांगावी लागली नाही.

एका दुपारी तिने डबा उघडला. पेज.
'मीठ इसारलंय.'
हात लांब करून नऊ नंबरच्या झाडाचं पान
अंगठ्यानं निपटलं, पेजेत ढवळलं,
आणि भुरका मारला.
मी वहीत लिहिलं: झाड ९, पान ४, नोंद नाही.
कारणाचा रकाना
अजून कोराच आहे.

मुळाच्या दाराशीच बहुतेक मीठ अडतं.
जे चुकवून आत शिरतं, ते पान घामासारखं बाहेर टाकतं.
तरी थोडं राहतंच.
त्याला तोलून धरायला पेशी आपल्यापुरतं
काही निरुपद्रवी शिजवून ठेवते,
नाहीतर खारं पाणी तिला आतून पिऊन टाकेल.
भर उन्हात पानांची सगळी छिद्रं बंद.
पाण्यात उभं राहून तहान काढायची,
हे काम फार बारकाईचं.

आणि एक गोष्ट होती, सगळ्यांना आवडणारी:
झाड म्हणे एक जुनं पान निवडतं,
सगळ्यांचं मीठ त्याच्यात भरतं,
ते पिवळं पडतं, गळतं, झाड वाचतं.
होडीतून येणारे पाहुणे ही गोष्ट ऐकून गप्प व्हायचे.
कुणी त्या पानाचा फोटो काढायचं.
मीही सांगायची. आवाज थोडा खाली घेऊन.

मग मी मोजलं.
चौदा महिने, पिवळी वेगळी, हिरवी वेगळी,
वाळवली, जाळली, राख तोलली.
पिवळ्यात मीठ तेवढंच.
पुन्हा तोललं. तेवढंच.

द्वारकीला सांगितलं तेव्हा ती कालव फोडत होती.
'म्हणजे तेच्यात जास्त नाय?'
'नाही.'
'मगे तां पडलां कित्याक?'
'त्याचे दिवस भरले होते.'

कोयता थांबला.
'आमच्या आवडेक लोक तसांच म्हणतत.
घराचां सगळां आंगार घेतल्यान, म्हणान गेली.'
आवडी थोरली. काजूच्या फॅक्टरीत
बिया फोडून फोडून बोटं कायमची काळी.
तिच्या पगारावर चौघांची लग्नं.
द्वारकीचंही एक.
दर पितृपक्षात घरचे तिला हात जोडतात,
आणि जोडताना, ती म्हणाली,
कुणीच तिच्या फोटोकडे बघत नाही.

मला काही बोलायचं होतं: मी फक्त पानं मोजली,
माणसांचं मला ठाऊक नाही.
पण पाणी चढायला लागलं होतं,
चिखलातली टोकं एकेक करून बुडत होती.

प्रबंध छापून आला तेव्हा
तिने एकशे बारावं पान दोनदा वाचायला लावलं.
'पिवळ्या आणि हिरव्या पानांतील मिठाच्या प्रमाणात
लक्षणीय फरक आढळला नाही.'
'लक्षणीय म्हणजे?'
'म्हणजे, धरण्याइतका.'
'हां,' ती म्हणाली. 'घरात वाचून दाखव.'
आणि वल्हं उचललं.