मोज्यातलं बी

मोज्यात बांधून आणलं बी,
इन्यांबानेच्या बाजारातलं, पिरी-पिरीचं.
विमानतळावर कुणी मोजे हुंगले नाहीत.

दहा आठवडे.
लिंपोपोच्या वाळूत जीप रुतली,
चाकांखाली आम्ही कसाव्याची पोती अंथरली,
आणि पलीकडच्या काठावर हत्ती
कीव आल्यासारखे कान हलवत उभे.
मोपानेच्या अळ्या खाल्ल्या. कुरकुरीत.
मीठ जरा जास्त पडलं होतं;
माझ्या हाताखालचा पोरगा असता तर ओरडलो असतो.

दोना सेलेस्ते उखळात लसूण कांडत होती.
म्हटलं, काफ्रियाल आम्ही तुमच्याकडून शिकलो.
ती हसली : आणि हा नारळाचा रस?
आजा सांगायचा, तुमच्या गलबतातून उतरला.
मुसळ थांबलं नाही.

काल दिवाडीच्या फेरीतून उतरलो
आणि तसाच, बॅग खांद्यावर,
एर्मेलिंदाबाईंना बी दाखवलं.
चष्मा कपाळावर सरकवून त्या म्हणाल्या,
"एवढ्यासाठी गेला होतास?
आमच्या विहिरीमागे पाखरं पेरतात ती."

तरी मी कुंडी भरली.
उगवेल तेव्हा दोन्ही झाडांची
एकेक मिरची चावून बघेन,
दह्याची वाटी जवळ ठेवून.