चौकटीवाल्याचा हात

लॅझारस मॅडम गेल्या, आणि पर्थहून आलेल्या भाच्यानं
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरातलं सगळं मला वजनावर दिलं.
पंखा, पितळी पलंग, सुरांना वाळवी लागलेला पियानो,
आणि केळीच्या सुक्या पानांत गुंडाळलेली
चिनी मातीची पाच माणसं,
वीतभरही नाही कुणी.

मी भंगारवाला. माती मी तोलत नाही.
तरी ठेवली, काट्यामागच्या फळीवर.
यार्डात डबा डब्याला धडकला
की पाचही जण किणकिणतात,
कुणीतरी काहीतरी बोलून गेल्यासारखे.

तळाशी निळी फुली. मुंबईचा एक शौकीन फोनवर
एकदम हळू बोलू लागला, तेव्हाच ओळखलं
माल भारी आहे.
"जुन्या विलायती नाटकातले विदूषक," तो म्हणाला,
"चौकटीचौकटीच्या कपड्यांतला आहे ना? हात बघा त्याचे."
बघितले. डावा कमरेवर.
उजवा मनगटापासून गायब.
"मग निम्मे," म्हणाला, आणि आवाज परत मोठा झाला.

हात बनवता येतो. एम-सील आहे, कानस आहे,
माझी बोटंही बरी आहेत.
पण त्या हातात होतं काय?
काठी? फूल? कुणाचा कान?

सुपडू बेटावदकर दर मंगळवारी चहाला येतात.
बत्तीस वर्षं फडात सोंगाड्या, आता
नातवाच्या दुकानासाठी सायकलीचे सुटे भाग नेतात.
फळीपुढे उभे राहिले. चष्मा पुसला. परत पुसला.
"हाऊ पाटील शे," लांब नाकाच्या म्हाताऱ्याकडे बघून,
"थैली दखा, कशी पोटशी धरी ठेवेल शे.
हाऊ शिपाई. तलवार मोठी, पाय पयाले तयार.
हाई मावशी."
ती तर कोवळी पोरगी होती,
पण कमरेवरचे हात बघून मीही वाद घातला नाही.
पांढऱ्या झग्यातल्याला नुसतं "आरे भो" म्हणाले.
मग चौकटीवाल्यापाशी आले नि गप्प झाले.

"याच्या हातात काय होतं, सुपडूबाबा?"

उत्तर नाही. चपला काढल्या.
पत्र्यांचा ढीग आणि फ्रिजचा सांगाडा, मध्ये होती
तेवढ्या जागेत उभे राहिले. डावा हात कमरेवर.
गुडघा कुरकुरला, तोही त्यांनी तालात घेतला,
मान वळली, हनुवटी आली, खांदा उतरला,
आणि उजवा हात आपोआप पुढे आला,
तळवा वर,
रिकामा.

तसेच राहिले.
शेचाळीस डिग्रीचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
हमाल थांबला. काट्यापाशी गोणी घेऊन आलेली बाई थांबली.
कुणी काही बोललं नव्हतं, विनोद झालेलाच नव्हता,
तरी आधी तिला फुटलं, मग हमालाला, मग मला.
डोळ्यांत पाणी येईस्तोवर. कशाला हसलो
ते अजून सांगता येत नाही.
तेव्हा कुठे त्यांनी मूठ मिटून हात परत घेतला,
आत काय पडलं ते घरी जाऊन मोजणार असल्यासारखा.

"काहीच नही व्हतं," धापा टाकत म्हणाले.
"हसू येस नही तवलोंग हात मांगे लेवाना नही.
हाऊ बिचारा कव्हाना उभा शे."

रात्री मी हात केला. वाळता वाळता अंगठा
जरा बाहेर सरकला, सुपडूबाबांचा आहे तसा,
यावलच्या जत्रेत तंबूचा खुंटा बसून
वाकडा झालेला. मी तो सरळ केला नाही.
शौकीनानं फोटो बघून कळवलं: हात मूळचा नाही.
खरं आहे.

पुढच्या मंगळवारी ते आले, अंगठ्याला अंगठा लावून बघितला,
आणि एक चेन, दोन पायडल, एक घंटी घेतली.
घंटीचे पैसे लावले नाहीत म्हणून भांडले.

सव्वाअकराला यार्डात डबे जोडतात.
फळी हादरते, आणि तो रिकामा तळवा
दरवेळी कणभर पुढे येतो, कडेकडे.
सायकलची जुनी ट्यूब ठोकून ठेवली आहे मी
फळीच्या टोकाला.