तंगूस

वेंगुर्ला बंदरावर, बर्फ कारखान्याच्या रात्रपाळीत,
हिशेबाच्या टेबलावर मी इटलीतली एक नदी पसरतो.
खाऱ्या हवेनं नकाशाला फोड आलेत,
एका कोपऱ्यावर पाना, दुसऱ्यावर चहाचा ग्लास,
उरलेले दोन कोपरे वळतात तसे वळू देत.
पंखा बंद. पंख्यानं एकदा
माझी अख्खी पलटण खुर्चीखाली उडवली होती.

डावा हात जर्मन, उजवा हात आपला.
'आपला' म्हणताना जीभ जरा अडखळते:
पलटणीत मराठे होते, पण छापणाऱ्यानं
सगळ्यांना एकच खाकी रंग दिलाय.
प्रत्येक सोंगटीला दोन बाजू.
वर धड माणसं, खाली तीच माणसं खचलेली.
मेलेल्यांना तिसरी बाजू नसते,
ते खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत जातात.

कोण कुणाला दिसतं हे ठरवायला दोरा ताणायचा,
षटकोनाच्या मध्यापासून षटकोनाच्या मध्यापर्यंत.
मी तंगूस वापरतो, गरीचा, खिशातला.
भिंतीला लागला की गोळी नाही.
नाही लागला, तर माफी नाही.

लोक म्हणतात, स्वतःशी खेळताना काही लपवता येत नाही.
खोटं. उजवा हात दरवेळी थोडं जास्त जाणतो,
आणि डावा, सगळं माहीत असून,
त्याच वाटेनं चालत येतो. शिस्त म्हणून.

मंगळवारी चिलीचा एर्नान.
कंप्रेसरमागच्या खिडकीत रेंजच्या दोन काड्या,
तिथं स्टुलावर उभा राहून मी टेकडी घेतो.
त्याच्याकडे दुपार असते.
फासे यंत्र टाकतं. खडखड नाही,
टेबलाखाली शोधणं नाही,
आकडा नुसता उगवतो.
तीन वर्षांत आम्ही एकमेकांचे सहाशे लोक मारले
आणि बोललो एकदाच.
त्यानं विचारलं, तुमच्या किनाऱ्यावर कोणता मासा?
मी लिहिलं, बांगडा.
भाषांतर करणाऱ्या यंत्रानं बांगडी केली असणार,
तो म्हणाला, अभिनंदन, मुलगी कुठली?

रविवारी घरी. स्वरांगी करवंटीतून फासे टाकते.
मशीनगन मागे एकदा केरात गेली,
तिच्या जागी तिसऱ्याची शिंप.
त्या शिंपेवर पोरीचा इतका जीव
की आमची मशीनगन कधी पुढे सरकतच नाही.
बायको घावणे उलटता उलटता लढते,
पान बावीस, कलम चार, धावून आला तो नेम धरू शकत नाही,
आणि मला हरवते.

सासूबाई खेळत नाहीत. चष्मा लावून
नुसत्या नदीवर वाकल्या.
"ह्यो एकटोच पाण्यात कित्याक ठेवलात?"
म्हटलं, पाण्यात अर्धीच चाल मिळते.
"मग मागे घेवा तेका."
मी तंगूस ताणून दाखवला: हा बांध मध्ये येतो,
तो आता कुणालाच दिसत नाही.
त्या दोऱ्याकडे बघत राहिल्या.
चाळीस वर्षं होडीची वाट बघायची सवय त्या डोळ्यांना.
"दिसना नाय म्हणजे नाय असा थोडाच,"
म्हणाल्या, आणि उन्हातली सोलं परतायला गेल्या.

आत्ता पहाटेचे साडेतीन.
पहिला टेम्पो लागलाय, बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं,
टेबल थरथरतं, ग्लासातला चहा थरथरतो,
डोळ्यांदेखत माझे लोक सरकतात
अर्धा षटकोन, पाऊण.
पाण्यातला तो
पलीकडच्या काठाला लागलाय. आपला आपण.

कुठं होता ते मला पक्कं आठवतंय.
साक्षीला फक्त माझाच डावा हात.
बाहेरून खलपे ओरडतो, "अकरा लाद्या, लिव!"
मी अकरा लिहितो.
तंगूस अजून खिशातच.