कोरडं वजन

मे महिन्यात नागपुरात
पाण्याचा हिशेब मांडणं काही शहाण्याचं काम नव्हे.
तरी मी मांडते.
मेडिकल चौकाजवळच्या युनिटमध्ये पहाटेची पाळी साडेचारला लागते.
अकरा यंत्रं, त्यातलं सातवं बहुधा आजारी,
आणि काट्यापाशी चपला काढून उभी असलेली माणसं.
आधी वजन. नंतर वजन.
मधल्या चार तासांत गेलं ते पाणी.
उरलं, त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो.

माझ्या फॉर्मवर एक्केचाळीस प्रश्न आहेत.
घर ते युनिट अंतर. ऑटोचे पैसे. बुडालेली रोजी.
आठवड्यातून तीनदा यायचं, दोनदाच का येता?
यावर माणसं आधी
पंख्याकडे बघतात.

गुलाबराव निखारे, वय चौपन्न,
गोळीबार चौकामागे हातमाग. म्हणजे, होता.
डाव्या हातात फिस्टुला केला
तेव्हापासून त्या हातावर जोर द्यायचा नाही असं बजावलेलं.
"बोट लावून पाहा न मॅडम,
माग बंद पडला, पण त्याची थरथर इथं येऊन बसली."
मी बोट ठेवलं.
कातडीखाली खरंच कुणी विणत होतं,
धोटा न थांबवता.
फॉर्मवर लिहिलं: फिस्टुला चालू.

संत्र्याचा प्रश्न बत्तिसावा.
आहाराच्या तक्त्यावर संत्र्याच्या चित्राला लाल फुली आहे.
ती छापताना छापखान्यातला पोरगा म्हणाला होता,
"नागपुरात हे लावान तर लोक मारतीन बाप्पा."
फेब्रुवारीत गुलाबराव खिशातून साल घेऊन आले, नुसती साल,
आणि सुई टोचायच्या वेळी नाकाशी धरली.
"वास घ्याले तर मनाई नाही न जी?"
सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या, मी फॉर्मकडे.
वासाला रकाना नव्हता.

मग एक मंगळवार चुकला. मग गुरुवार, शनिवार.
तीन आठवडे झाले की आमच्याकडे नऊ आकडा टाकतात.
नऊ म्हणजे संपर्क तुटला.

"कुठी तुटला?" कुंदाबाई म्हणाल्या.
"मी तं इथंच आहो."
दारावर ओला पडदा, कूलरमध्ये पाणी नव्हतं,
मागावर अर्धी साडी तशीच, काठ लागलेला.
त्यांनी एक वाटी दाखवली. स्टीलची, बुडाशी सासऱ्यांचं नाव कोरलेलं.
दिवसाला सहा वाट्या,
त्यातच चहा, वरण, गोळ्या गिळायचा घोट.
आणि मागाच्या हिशेबाची जुनी वही,
जिच्यात सुताच्या भावाखाली
गुलाबरावांचं बारीक अक्षर:

सोमवार. सहा वाट्या. तहान बारा आणे.
मंगळवार, मशीन. पाच वाट्या. तहान चौदा आणे.
बुधवार. सहा. पोरीच्या फीचे भरले, उद्या नाही जात. तहान रुपया.

असं चार महिने.
माझ्याकडे एकशे साठ माणसं होती, सहा हजारांवर नोंदी,
आणि तहान एकाही रकान्यात नव्हती.

शेवटचं पान मी उभ्यानं वाचलं.
शुक्रवार. अकरा वाट्या.
तहान नाही.

कुंदाबाईंनी मला पाणी दिलं, त्याच वाटीत.
मला ते पिता येईना, आणि ठेवताही येईना.
"प्या न," त्या म्हणाल्या, "ऊन लय आहे."
प्यायले.

नऊ खोडला.
आता फॉर्मवर बेचाळीस प्रश्न आहेत.
सरांनी समासात पेन्सिलीनं विचारलंय:
तहान कोणत्या एककात मोजणार? आधार काय?
उत्तर अजून दिलेलं नाही.
वही परत करायची आहे, पोरगी मागते आहे.
आणि सातवं यंत्र
कालपासून पुन्हा सुरू झालंय.